गोधडीखालचा फ्रिज

भर मे महिन्यात फ्रिजला गोधडी पांघरणारी माणसं तुम्ही पाहिली नसतील. जरीपटक्याच्या बाजारामागे नाल्याला लागून एक गल्ली आहे, तिथं ती राहतात. वेडी नाहीत बरं का. उलट नको तितकी शहाणी आहेत, आणि तेच त्यांचं दुखणं आहे.

गल्लीत फ्रिज एकच, प्रेमिलाचा. जुना, दाराला गंज चढलेला, सुरू होताना खोकणारा. पण नागपूरच्या उन्हात त्याचे लाड जावयासारखे व्हायचे. प्रेमिला त्यात पोरांसाठी पेप्सीच्या नळ्या गोठवायची, कुणाचं दही ठेवायची, कुणाची कोथिंबीर. आणि दाराच्या वरच्या कप्प्यात एक छोटा स्टीलचा डबा असायचा. त्या डब्याला हात लावायचा नाही, हे रांगत्या पोरालाही ठाऊक होतं. डब्यात दीक्षाची इन्सुलिनची शीशी होती.

दीक्षा ही शेजारच्या कामिनीची मुलगी, सहावीत शिकणारी. तिला लहानपणापासून साखरेचा आजार. म्हाताऱ्यांना होतो तो नव्हे. हा असा, की सकाळ-संध्याकाळ सुई टोचली तर पोरगी इतरांसारखी धावते, भांडते, लंगडी खेळते, आणि नाही टोचली तर थोड्याच दिवसांत हातची जाते. डॉक्टरांनी कामिनीला हे आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. औषध सरकारी दवाखान्यातून फुकट मिळायचं. ते थंड ठेवायला फ्रिज मात्र सरकार देत नाही. तो प्रेमिलानं दिला होता, म्हणजे त्यातला एक कप्पा, आणि त्याचे उपकार तिनं कधी शब्दानंही दाखवले नव्हते.

गोधडीची कल्पना निघाली धर्मेंद्रच्या मोबाईलमधून. गल्लीच्या तोंडाशी त्याचं ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे, आणि जगातली प्रत्येक वाईट बातमी सगळ्यात आधी त्याच्याकडे येते. एका संध्याकाळी त्यानं नळावर जमलेल्या बायकांना मेसेज वाचून दाखवला.

“घरोघरी येऊन पाहणार हायेत. ज्याच्या घरी फ्रिज, एसी, मोटरसायकल, त्याचं राशन कार्ड बंद. अन् महिना संपेपर्यंत कार्डावरच्या एकेका माणसानं कंट्रोलवर येऊन अंगठा नाही देल्ला, तर त्याचं नाव कट.”

अंगठ्याचं खरं होतं. कंट्रोलच्या, म्हणजे राशनच्या दुकानाच्या भिंतीवर तसा कागदच लावला होता. फ्रिजचं खरं की खोटं, कुणालाच माहीत नव्हतं. आणि विचारायचं कुणाला? साहेबाकडे जाऊन ‘घरात फ्रिज असला तर चालतो का’ असं विचारणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. कूलरचं नाव मेसेजमध्ये नव्हतं हे नशीब, नाहीतर त्या उन्हाळ्यात गल्लीतले निम्मे म्हातारे गेले असते.

“पैसे देऊन आणत होतो तवा त्या दुकानदाराच्या बापालेबी ऐकवत होती मी,” यमुताई म्हणाली. ती गल्लीतली सगळ्यात म्हातारी बाई. एकटी राहते, पिवळ्या कार्डावर जगते. “तांदूळ ओला हाय, मापात मारून राहिला, सारं तोंडावर म्हणत होती. आता फुकट झालं न बापा, तोंडच गेलं. फुकट देणाऱ्याले का बोलाव?”

यमुताईचं हे बोलणं लक्षात ठेवण्यासारखं आहे. धान्य हा तुमचा हक्क आहे असं कायद्यात लिहिलंय म्हणतात. असेल. पण गल्लीत तो मोठ्या घरच्या पाहुण्यासारखा वागतो. केव्हा उठून जाईल याचा नेम नाही, म्हणून घरच्यांनीच आपल्या घरात हळू आवाजात बोलायचं. भीक नको पण कुत्रा आवर, असं म्हणायचीही सोय नाही. तांदूळ गेला तर अर्ध्या महिन्याची चूल जाते. कामिनी एका केटररकडे पोळ्या लाटायची, तिचा नवरा जितेंद्र उमरेडकडे कोळशाच्या ट्रकवर असायचा आणि आठवड्यातून एकदा घरी यायचा. दोघांची कमाई एकत्र केली तरी तांदूळ फुकट असेल तरच भाजी परवडायची.

दुसऱ्या दिवशी प्रेमिलाच्या नवऱ्यानं, रुपरावनं, आपली मोटरसायकल कुहीला भावाच्या गोठ्यात नेऊन ठेवली. फ्रिजला काही कुहीला नेता येईना. मग ठरलं, यमुताईच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत ठेवायचा. तिच्या घरी कुठला साहेब फिरकणार? भरदुपारी, गल्ली सामसूम असताना, चार माणसांनी फ्रिज उचलला. वाट अरुंद, म्हणून आडवा करून खांद्यावर घेतला. यमुताई दारातून ओरडली, “असा नका धरू रे! असं कोणाले नेतात, मालूम हाय ना?” माणसं हसली. कामिनीला हसू आलं नाही.

“अन् दीक्षाची शीशी वं?” तिनं प्रेमिलाला विचारलं.

“आतच राहू दे. दिवसा बंद, रात्री लावत जाईन. रातभर थंडा झालेला फ्रिज दिवसभर टिकते. घडीघडी दार नको उघडू मातर.”

पहिल्या काही रात्री प्रेमिलानं खरंच लावला. यमुताईच्या खोलीतून खोकल्यासारखा आवाज यायचा आणि कामिनीला त्या आवाजावर झोप लागायची. मग धर्मेंद्रकडे आणखी एक मेसेज आला. म्हणे, विजेची बिलंही पाहणार. ज्याचं अचानक वाढलं, त्याच्याकडे आधी जाणार.

यमुताईनं प्रेमिलाला आत बोलावून दार लावून घेतलं. “माह्या घरी एक बल्ब हाय, एक पंखा. बिल वाढलं तर मी का सांगू? माहं कार्ड गेलं तर मले कोण पोसते? तू पोसतं?”

त्या रात्रीपासून फ्रिजचा खोकला थांबला. प्रेमिलानं कामिनीला सांगितलं नाही. सांगून काय होणार, असा तिचा विचार. दुसरा फ्रिज कुठून येणार? तपासणी चार दिवसांत उरकेल, मग लावू पुन्हा. तिनं घरातल्या दोन जाड गोधड्या आणून फ्रिजवर चारी बाजूंनी घट्ट गुंडाळल्या. बर्फवाला नाही का लादी पोत्यात गुंडाळून ठेवतो? दिवसभर टिकते ती. मग ही एवढीशी शीशी टिकणार नाही? प्रेमिलाला ते पटलं, कारण तिला ते पटवून घ्यायचंच होतं. पोत्यात आधी बर्फ असावा लागतो, एवढंच ती विसरली. या फ्रिजच्या पोटात पत्र्याच्या खोलीतली हवा होती, आणि ती उबेला गोधडी पांघरून बसली होती.

कामिनीच्या हाताला शीशी कोमट लागली तेव्हा तिनं विचारलंही.

“रात्री लावतं ना वं प्रेमिला? आवाज येऊन नाही राहिला.”

“हाव ना. आवाज गोधडीत दबते. अन् गोधडी काढली का बाहेरची गरमी लागतेच. तू काहून एवढी घाबरून राहिली?”

दूध नासलं की वासावरून कळतं, वरण आंबलं की फेसावरून. हे औषध नासतं ते चेहरा न बदलता. शीशीत पाण्यासारखं स्वच्छ दिसत होतं. कामिनी रोज ते मोजून सुईत घ्यायची, दीक्षाच्या पोटाला टोचायची, आणि आपण लेकराला औषध दिलं या समाधानात पोळ्या लाटायला जायची. मला त्या समाधानाचाच सगळ्यात जास्त राग येतो.

मग दीक्षाला तहान लागायला लागली.

आता नागपुरात मे महिन्यात तहान लागली म्हणून कोण घाबरणार? सगळं शहर माठाला तोंड लावून बसलेलं असतं. दीक्षा तांब्यावर तांब्या रिचवायची, पुन्हा पुन्हा मोरीकडे जायची. लंगडी खेळायची सोडून दारातल्या सावलीत बसायला लागली. कामिनीच्या मनात पाल चुकचुकली. तिनं साखर तपासायचं घरचं मशीन काढलं, तर त्यात लावायच्या पट्ट्या कधीच्या संपलेल्या. शेजारणी म्हणाल्या, ऊन लागलं, दुसरं काय. कुणी कांद्याचा रस तळपायाला चोळला. कुणी गुळाचं पन्हं आणलं, ते कामिनीनं परत पाठवलं.

“औषध तर वेळेवर चालू हाय,” ती स्वतःलाच सांगायची. “फ्रिजमधलंच हाय.”

तपासणीचे साहेब काही आले नाहीत. आली ती वैभवी. गल्लीला नवीनच मिळालेली आशाताई, आरोग्य खात्याची. खांद्याला सरकारी पिशवी, हातात कागदांची चळत, उन्हानं लाल झालेला चेहरा. दुपारची ती गल्लीत शिरली आणि तिच्या पुढे पुढे दारं बंद होत गेली. कागद हातात घेऊन येणारं माणूस काय घेऊन जाईल, सांगता येत नाही. पण कामिनीचं दार उघडं होतं, कारण दीक्षा उंबऱ्यावर डोकं टेकून बसली होती.

वैभवी तिच्याजवळ बसली. ओठ पाहिले, हाताची कातडी चिमटीत धरून पाहिली. “ही साखरवाली मुलगी ना? माझ्या यादीत हाय. हिचं औषध कुठं ठेवता ताई?”

कामिनीनं वर पाहिलं. मागे प्रेमिला येऊन उभी राहिली होती. तिच्यामागे यमुताई, आणखी दोघीतिघी. प्रेमिलाचे डोळे बोलत होते. माझं नाव घेऊ नको, असं ते म्हणत होते. एवढी वर्षं जिनं आपला कप्पा दिला, तिचं नाव कागदावर चढवायचं?

“माठात,” कामिनी म्हणाली. “ओल्या फडक्यात गुंडाळून.”

“या उन्हात माठात नाही टिकत हो! खराब झालं असंल ते.” वैभवी खरंच घाबरली. “ऐका, हिच्या नावाची नवी शीशी आमच्या हेल्थ सेंटरवर येऊन पडली हाय. मी आत्ता जाऊन आणते, दहा मिनिटांचं काम. फक्त ठेवायले फ्रिज पायजे, नाही तर सिस्टर देणार नाही. या गल्लीत कोणाकडे फ्रिज हाय का?”

प्रश्न साधा होता. एवढा साधा, की गल्लीला तो सापळा वाटला. गोड बोलून काढून घेताहेत, पाहा.

“नाही,” प्रेमिला म्हणाली.

“एकबी नाही?”

“आमच्यासारख्याकडे कुठचा फ्रिज बाई,” यमुताई म्हणाली. “आम्ही राशनवर जगणारी माणसं.”

वैभवीनं कामिनीकडे पाहिलं. कामिनीनं मान हलवली. यमुताईच्या खोलीत, वीस पावलांवर, दोन गोधड्यांखाली तो फ्रिज मुका उभा होता. आणि कामिनीला अजूनही वाटत होतं की तो रात्री चालतो, त्यातलं औषध चांगलं आहे, म्हणजे आपण काही फार मोठं खोटं बोललो नाही.

“आज डॉक्टर गेले, त्यांच्याबिगर सिस्टर सुई टोचत नाही. मग उद्या सकाळी सेंटर उघडलं का हिले घेऊनच या,” वैभवी उठत म्हणाली. “तिथंच साखर पाहू, तिथंच सुई देऊ. नक्की या. वाट पाहते मी.”

“उद्या अंगठ्याचा शेवटचा दिवस हाय ताई.”

“अंगठा मागून द्या हो!”

“मागून कोण घेते?” कामिनी म्हणाली. वैभवीनं कागद पिशवीत कोंबले. तिचंही घर राशनवर चाललेलं होतं.

जितेंद्रनं आपला अंगठा उमरेडलाच दिला होता. राहिल्या या मायलेकी. कामिनीनं रात्रभर हिशेब केला तो एवढाच, की कंट्रोल आणि सेंटर एकाच रस्त्यावर आहेत. आधी अंगठा, मग सुई. उजाडताच रांगेत लागलं तर सेंटर उघडेपर्यंत मोकळं होता येईल.

पण सगळ्या वस्तीनं तोच विचार केला होता. कामिनी पोहोचली तेव्हा रांग कंट्रोलपासून निघून पानठेल्याला वळसा घालून पिंपळाच्याही पुढे गेली होती. मशीन मधेच अडकायचं, दुकानदार ते हातात घेऊन रेंज शोधत रस्त्यावर यायचा, आणि रांग त्याच्याकडे मान वळवून पाहायची. शेजारी खुर्चीवर ऑफिसातून आलेला एक साहेब बसला होता. तो काही बोलत नव्हता. त्यामुळे त्याची जास्तच भीती वाटत होती.

ऊन चढलं. सेंटर उघडायची वेळ झाली आणि टळून गेली. दीक्षा कामिनीच्या कमरेला धरून उभी होती, मग रस्त्यावर बसली, मग ओकली. पाणीच पडलं. रांगेतल्या बायकांनी पदरानं वारा घातला. “नेवाव का हिले?” कामिनी म्हणाली. “आता एवढ्या जवळ येऊन?” रांगेतली एक बाई म्हणाली. “पोरीचं नाव कटलं तर पुन्हा चढत नाही. माह्या जावेचं पोरगं अजून नाही चढलं.”

दीक्षा जोरजोरात श्वास घेत होती, धावून आल्यासारखा. कामिनीनं तिला उचलून खांद्यावर घेतलं, आणि तेव्हा तिच्या तोंडाचा वास आला. गोडसर, उतरलेल्या संत्र्यासारखा. डॉक्टरांनी सांगितलेला. हा वास आला तर काही बघायचं नाही, उचलायचं आणि पळायचं, असं सांगितलेला.

कामिनीच्या पुढे दोन माणसं होती.

तुम्ही म्हणाल, कसली आई ही. म्हणा खुशाल. तुमचं नाव कुठून कुणी खोडलं नाही कधी. त्या बाईच्या डोक्यात त्या क्षणी एकच गोष्ट होती, की लेकीचं नाव राहिलं पाहिजे. दवाखान्यातून बरी होऊन आल्यावर ती काय खाईल, याचा विचार करत ती उभी होती. ती थांबली ती दीक्षा जगणार आहे या खात्रीनं.

दोघं झाले. दुकानदारानं मशीन पुढे केलं. कामिनीचा अंगठा लागलीच जुळला. दीक्षाचा जुळेना. बोटं सुकून सुरकुतली होती, धुणं धुतल्यावर होतात तशी.

“पुसा जरा. दाबून लावा,” दुकानदार म्हणाला.

कामिनीनं अंगठा पदरानं पुसला. लावला. लाल दिवा. स्वतःच्या केसांना पुसला, तेलाचा हात लागावा म्हणून. पुन्हा लाल. दीक्षाचे डोळे अर्धे मिटले होते. “दीक्षा, ए दीक्षा, जोर लाव न बेटा. एकडाव.” कामिनीनं तिचं मनगट घट्ट धरून तो अंगठा काचेवर दाबला आणि दाबूनच ठेवला.

हिरवा दिवा लागला. मशीनमधून चिठ्ठी सरकली.

“झालं! पक्कं झालं नाव,” दुकानदार म्हणाला, आणि रांगेतल्या सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. कामिनी तर हसली. “झालं वं माय,” ती म्हणाली, “चाल आता सुई घ्यायले.” दीक्षाचा हात मशीनवरून घसरला आणि खाली लोंबकळला. मान मागे पडली.

कामिनीनं तिला हलवलं. पुन्हा हलवलं. मग ती अशी ओरडली की पानठेल्यावरची माणसं धावत आली.

प्रेमिला तिच्या लगेच मागे होती, पुढचा अंगठा तिचाच. तिनं दीक्षाचा चेहरा पाहिला आणि तिच्या तोंडून ते निघालं. हळू नाही, कानात नाही. साहेबासमोर, दुकानदारासमोर, सगळ्या वस्तीसमोर.

“फ्रिज बंद होता वं कामिनी! मी लावलाच नाही! माह्या घरी फ्रिज हाय, साहेब, माहा फ्रिज हाय! लपवून ठेवला मी! त्यात पोरीचं औषध खराब झालं!”

ज्याला सगळी गल्ली इतके दिवस भीत होती, ते शेवटी एकीनं आपल्या तोंडानं सांगितलं होतं. सगळ्यांचे डोळे खुर्चीवरच्या साहेबाकडे गेले.

साहेबानं घाम पुसला. “कसला फ्रिज?” त्यानं दुकानदाराला विचारलं. दुकानदारानं खांदे उडवले. “चला, गर्दी करू नका. पुढचा अंगठा.”

रांगेतल्या धर्मेंद्रनं एक ऑटो अडवला. कामिनी दीक्षाला मांडीवर घेऊन आत बसली आणि प्रेमिला रांग सोडून तिच्या शेजारी चढली. ऑटो मेडिकलच्या, म्हणजे मोठ्या सरकारी दवाखान्याच्या दिशेनं सुटला. दीक्षाचा श्वास चालू होता, पण प्रत्येक श्वासानंतर पुढचा यायला वेळ लागत होता, आणि त्या वेळात ऑटोतलं कुणीच श्वास घेत नव्हतं. प्रेमिला रडत होती. तिनं सगळं पुन्हा सांगितलं, यमुताईचं मीटर, गोधड्या, ‘हाव ना’ म्हटलेलं. कामिनीचे पाय धरायला ती वाकली.

कामिनीनं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. काही ऐकूच आलं नसल्यासारखं, काळजीनं.

“तू काहून आली वं रांगेतून?” ती म्हणाली. “आज शेवटचा दिवस हाय. तुझा अंगठा राहून गेला.”